काकी, फडक्याच्या त्या अर्ध्या तुकड्यासाठी

काकी, शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही लेकाकडे मुंबईला गेलात त्याला तीन आठवडे झाले. स्टँडवर निरोप देताना खूप बोलायचं होतं, पण गळा दाटून आला आणि तोंडातून निघालं एवढंच, की घावण्यांची चटणी वेगळ्या डबीत आहे. तेव्हा राहिलेलं आज लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण आमच्या घरची सकाळ कशी असायची ते आळीभर ऐकू जायचंच. ती कोणामुळे बदलली, तेही सगळ्यांना कळू दे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पोफळी एकीवर एक पडलेल्या, आणि नवी लावली तरी हाताशी यायला पाच-सात वर्षं. म्हणून मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो. पाहुण्यांना सहाला चहा, सातला आंघोळीचं पाणी, त्यानंतर पोहे. त्यातच मुलाचा डबा, धाकटीची रडारड, आठची एसटी. ‘ऊठ’ म्हणून मी त्याला कधी उठवलंच नाही, ‘ऊठ रे मेल्या’ म्हणूनच उठवलं. पाठीत धपाटेही घातले. लिहिताना लाज वाटते, पण घातले. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं 2024 मध्ये शासनाने सांगितलं, तेव्हा वाटलं, आता सुटले. शाळेची वेळ पुढे गेली, तसा माझा आरडाओरडाही पुढे सरकला.

मदत मागितली नव्हती असं नाही. शाळेच्या डायरीत दोनदा लाल शाईने ‘मुलाला शिस्त लावा’ असं लिहून आलं, पण कशी लावायची ते विचारायला गेले तर बाईंना वेळ नव्हता. शहरातल्या एका शिबिराला पैसे भरून गेले. तिथे सरांनी सोनेरी चांदण्यांचा तक्ता दिला. लवकर उठला की एक चांदणी, दूध प्यायला की एक. आठवड्याभरात पोरगा विचारायला लागला, ‘ताट उचललं तर किती चांदण्या?’ सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, हेही सरांनी सांगितलं. बरोबरच होतं ते. पण आमच्या पडवीत पाहुणे रात्री अकरापर्यंत गप्पा मारतात आणि तिथेच त्याचं अंथरूण असतं, हे कोणी विचारलं नाही. नातेवाईकांचं तर सोडाच. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ यापलीकडे त्यांच्याकडून काही मिळालं नाही.

आणि मग गेल्या श्रावणातली ती सकाळ. तुम्ही नेहमीसारख्या परडी घेऊन आमच्या खळ्यात प्राजक्त वेचायला आला होतात. माजघरात मुलाच्या हातून पेजेचा टोप कलंडला. ऊन-ऊन पेज जमिनीवर, त्याच्या गणवेशावर. तो मागे सरकला नाही, रडला नाही, नुसते खांदे वर घेऊन आणि डोळे मिटून उभा राहिला. माझ्या हाताची वाट बघत. माझा हात वर गेलाही होता.

तुम्ही आत आलात. त्याचे पाय भाजले नाहीत ना ते वाकून पाहिलंत. मला एक अक्षर बोलला नाहीत. चुलीमागचं जुनं फडकं घेतलंत, टरकन मधोमध फाडलंत, दोन्ही तुकडे ओले करून पिळलेत आणि एक त्याच्या हातात दिलात. ‘तू तिकडनं ये, मी इकडनं येते. बघू कुठे भेटतो ते.’ साठी उलटलेल्या तुम्ही, गुडघे दुखतात तरी जमिनीवर बसलात. दोघं पुसत पुसत आलात आणि उंबऱ्याजवळ तुमची फडकी एकमेकांना लागली. तो हसला, काकी. शाळेच्या दिवशी सकाळी तो हसलेला मी कितीतरी महिन्यांनी पाहिला.

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. मी धावायला लागले तर म्हणालात, ‘गेली तर जाऊ दे गो. नऊची आहे की.’

पुढे काय काय बदललं त्याची यादी कशाला करू? तुम्ही फक्त विचारलंत, ‘रात्री निजतो कुठे?’ आणि त्याचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. पाहुण्यांना सांगितलं, चहा साडेसातला. एकही पाहुणा तुटला नाही. दप्तर रात्रीच खुंटीला, तुळशीला पाणी घालणं त्याचं, फुलं वेचणं धाकटीचं, आणि पेज सगळ्यांनी एकत्र बसून. मोठी गोष्ट ती नव्हेच. चुकल्यावर मार मिळत नाही, फडकं मिळतं, आणि अर्धं कोणीतरी पुसू लागतं, हे त्याला कळलं. त्याच्याआधी मला कळलं.

साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यात. दर 24 डिसेंबरला त्यांच्या जयंतीला संस्कारांवरची भाषणं ऐकत मी वाढले, टाळ्याही वाजवल्या. पण संस्कार करताना माणूस कसा दिसतो ते मी तुमच्यात पाहिलं: लुगड्याला पेज लागलेली, एक हात जमिनीला टेकून उठणारी. तुमच्यासारखी माणसं अजून किनाऱ्यावरच्या गावागावांत आहेत. दुसऱ्याच्या घरातला आरडाओरडा ऐकून ती खिडकीआड कुजबुजत नाहीत, हातातली परडी खाली ठेवून आत येतात. त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचे संसार चाललेत.

परवाची गोष्ट सांगायची म्हणून तर लिहायला बसले. मामंजींचा हात हल्ली थरथरतो, तुम्हाला ठाऊक आहे. चहाची कपबशी निसटली, सगळा चहा पडवीत. ते ओशाळून माझ्याकडे बघायला लागले. मी उठायच्या आत पोरगा दोन फडकी घेऊन आला. एक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही खुर्चीवरनंच पुसा. मी तिकडनं येतो.’

काकी, प्राजक्ताला कळ्या धरल्यात. तुमची परडी खुंटीला आहे. नवरात्रापर्यंत येताय ना? तो रोज विचारतो.

तुमची,
शेजारची सून