शेटलंडची आगोट

लर्विक, शेटलंड
विजयादशमी, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या शुभेच्छा तुला, वहिनींना आणि मुलांना. सोने म्हणून द्यायला येथे आपट्याचे पान मिळण्याचा प्रश्नच नाही. वाऱ्याने स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या बेटांवर झाड म्हणावे असे फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. सकाळी पाटावर दोन दोरखंड, विजेरी, पान्हा आणि हातोडी मांडून पूजा केली आणि हळदकुंकू वाहून अर्धा तास होतो न होतो तोच ती सगळी आयुधे उचलून परसात कामाला लावली. खंडेनवमीची अवजारे दसऱ्याला अशी तातडीने वापरण्याची वेळ आपल्या घराण्यात पहिल्यांदाच आली असेल.

कारण असे, की उद्या रात्री येथे वादळ येणार आहे. त्याचे नाव ॲमी. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्स यांच्या हवामान खात्यांची नावांची यादी दर वर्षी १ सप्टेंबरला नव्याने सुरू होते आणि या यादीतले हे पहिलेच नाव. सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळे येतच नाहीत असे नाही. २०१८ साली अली १९ सप्टेंबरला आले होते आणि २०२३ साली ॲग्नेस २७ सप्टेंबरला. पण या खेपेला नकाशावर कमी दाबाचा जो खोल खड्डा दिसतो आहे तो जानेवारीत शोभणारा आहे. बर्म्युडाच्या बाजूला हम्बर्टो आणि इमेल्डा अशी दोन चक्रीवादळे शेजारी शेजारी फिरत होती. त्यांतल्या हम्बर्टोची उरलीसुरली ऊब आणि बाष्प घेऊन उंचावरचा पश्चिमी झोत जोरावला आहे आणि तोच हे वादळ आमच्याकडे रेटतो आहे. स्कॉटलंडच्या वायव्य भागाला केशरी इशारा दिला आहे, आम्हाला पिवळा. येथे ६० अंश उत्तरेला, समुद्रापासून पाच किलोमीटरपेक्षा दूर जाताच येत नाही अशा या बेटांवर, पिवळ्या रंगाकडे लोक एरवी ढुंकूनही बघत नाहीत. आज मात्र बघत आहेत.

हे मला सुरुवातीला कळले नाही. येथली घरे बुटकी, भिंती जाड, खिडक्या लहान. जानेवारीतला वारा तर यांच्या पाचवीला पुजलेला. मग पिवळ्या इशाऱ्याची एवढी धास्ती कशासाठी? शेजारच्या आजोबांनी दोन वाक्यांत उलगडा केला. घर तयार आहे, पण घराबाहेरचे काहीच तयार नाही, असे ते म्हणाले. होड्या अजून धक्क्याला पाण्यातच आहेत, त्या ओढून ठेवायला महिना अवकाश असतो. कोकरांच्या विक्रीचे दिवस असल्यामुळे मेंढ्या निम्म्या डोंगरावर आणि निम्म्या कुंपणात आहेत. बटाटे जमिनीत आहेत, चाऱ्याचे गठ्ठे उघड्यावर आहेत आणि उन्हाळ्यात बाहेर काढलेली बाके, मुलांच्या उड्या मारायच्या जाळ्या, फुलांच्या कुंड्या सगळे जिथल्या तिथे पडलेले आहे. दर वर्षी ही आवराआवर ऑक्टोबरच्या अखेरीस होते, ती यंदा दोन दिवसांत उरकायची आहे.

मला त्या क्षणी आपली आगोट आठवली. मृगाच्या आधी नळे शाकारायचे, पडवीला झड्या बांधायच्या, लाकूडफाटा कोरडा करून आत घ्यायचा, सुकी मासळी, मीठमिरची आणि पापडांची बेगमी करायची. हे सगळे पंचांगाच्या भरवशावर चालते आणि पंचांग सहसा दगा देत नाही. दगा दिला तो ३ जून २०२० ला. निसर्ग वादळ तुझ्या श्रीवर्धनला आले तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. तुझ्या वाडीतल्या पोफळी कंबरेत मोडलेल्या बघून तू मला फोनवर फक्त एवढेच म्हणालास, की आता उजेड फार येतो. ते वाक्य मी विसरलेलो नाही. सावलीच्या वाडीत उजेड येणे म्हणजे काय, हे वाडी नसलेल्या माणसाला सांगून समजायचे नाही. तू तेव्हा लावलेली रोठा सुपारीची रोपे आता पाच वर्षांची झाली असतील, म्हणजे अजून फळाला यायची आहेत. वादळ एका दुपारचे असते, पण त्याचा हिशेब सहा-सात वर्षे चालतो, हे तुझ्याइतके मला कोण समजावून सांगणार?

येथल्या लोकांच्या आठवणीतही सर्वांत खोल रुतलेले दुःख हिवाळ्यातले नाही. २० जुलै १८८१ ची गोष्ट आहे. येल नावाच्या बेटावरच्या ग्लूप गावाच्या आणि आसपासच्या सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या भर समुद्रात लांब दोरांची मासेमारी करत होत्या. ऐन उन्हाळा होता, रात्री पुरता अंधारही पडत नाही असे दिवस होते आणि अचानक उत्तरेकडून वादळ आले. दहा होड्या आणि अठ्ठावन्न माणसे गेली. ग्लूपच्या खाडीवर आता एक स्मारक आहे. कडेवर मूल घेतलेली एक बाई समुद्राकडे बघत उभी आहे. मी गेल्या वर्षी तेथे गेलो होतो. नावे वाचताना तीच ती आडनावे पुन्हा पुन्हा येतात. हेच वादळ जानेवारीत आले असते तर सगळ्या होड्या किनाऱ्यावर उलट्या घालून ठेवलेल्या असत्या आणि फार तर एखादे छप्पर गेले असते.

हिवाळ्यातली वादळे काही सौम्य नसतात, हेही खरेच. १९९२ च्या पहिल्याच दिवशी उत्तरेकडच्या अन्स्ट बेटावर असे वारे सुटले की वारा मोजणारे यंत्रच मोडून गेले आणि एका खोपीत आसरा घेतलेली दोन माणसे खोपीसकट उडून दगावली. पुढच्याच जानेवारीत ब्रेअर नावाचे तेलवाहू जहाज दक्षिण टोकाच्या खडकांवर आदळले. त्यातले सुमारे ८५,००० टन तेल समुद्रात गेले आणि त्याच आठवड्यातल्या अखंड वादळाने ते इतके घुसळून काढले की किनारे अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी माखले. आजोबा ही गोष्ट सांगताना वादळाच्या बाजूने बोलतात, याची मला गंमत वाटते.

आता आमच्या तयारीचे सांगतो. येथे दोन वादळांमधल्या बऱ्या दिवसाला बोलीभाषेत एक खास शब्दप्रयोग आहे, ‘डे अट्वीन वॅडर्स’, म्हणजे दोन हवामानांच्या मधला दिवस. आज पुरता दिवस काही मिळाला नाही, पण दुपारी दोन तासांची उघडीप मिळाली आणि आमची सगळी गल्ली एकदम बाहेर पडली. कोणी कोणाला बोलावले नाही. मी कचऱ्याचा डबा भिंतीतल्या कडीला बांधत होतो. मागच्या हिवाळ्यात हाच डबा मी मोकळा ठेवला होता आणि तो रात्री उतारावरून घरंगळत जाऊन आजोबांच्या गाडीच्या दारावर आदळला होता. ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, म्हणून मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले होते. तेव्हा या खेपेला मी दोरी चार वेढे देऊन बांधली आणि वर एक भक्कम निरगाठ मारली. आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. ते आले, त्यांनी काही न बोलता माझी गाठ नखांनी सोडवली, दोरी कडीतून एकदा उलटी घेतली, दुमडून तिचा फास केला, ताणून बसवली आणि मोकळे टोक माझ्या हातात दिले. हे ओढ, म्हणजे सुटेल. ओढले नाहीस तर सुटणार नाही, असे म्हणून ते आपल्या खुराड्याकडे वळले. चाळीस वर्षे होडीवर काढलेल्या माणसाची सुरगाठ होती ती. तुझ्या धक्क्यावरच्या कोळ्यांनी पाहिली असती तर त्यांना ती परकी वाटली नसती.

खुराड्यावर आम्ही दोघांनी मिळून जुने मासेमारीचे जाळे टाकले आणि त्याच्या कडांना दगड बांधले. ही जुनीच रीत आहे. बॉडमला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे एक शेतकऱ्याचे घर संग्रहालय म्हणून जपून ठेवले आहे. त्याच्या गवती छपरावरही असेच दोर टाकून टोकांना दगड लोंबकळत ठेवलेले आहेत. जाळे टाकताना आजोबांनी ऑर्कनीच्या कोंबड्यांची कथा सांगितली. दक्षिणेकडच्या त्या बेटांवर १५ जानेवारी १९५२ च्या वादळात सुमारे ७,००० खुराडी आणि ८६,००० कोंबड्या गेल्या. आजोबांच्या कोंबड्या सहा आहेत, पण त्यांनी दगड मात्र आठ बांधले.

माझ्या कामाच्या ठिकाणी निराळी धांदल आहे. औषधे ॲबर्डीनहून बोटीने येतात. बोट रात्रभर, बारा-चौदा तास चालते. ती एक रात्र सुटली नाही तर दुकानातले दूध आणि पाव संपतात, आणि ते संपलेले सर्वांना दिसतात. औषधांचे तसे नाही. म्हणून काल आणि आज आम्ही यादी घेऊन बसलो होतो. दूरच्या बेटांवरच्या ज्या रुग्णांच्या गोळ्या शनिवार-रविवारी संपणार होत्या त्यांना आठवड्याच्या आधीच पाठवल्या. पण खरी काळजी घरी प्राणवायूचे यंत्र लावलेल्यांची असते, कारण ते यंत्र विजेवर चालते. येथे लाकडी खांबांवरून तारा गेलेल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तारांवर ओला बर्फ गोठून हजारो घरांची वीज काही दिवस गेली होती, त्या दिवसांत आम्ही सर्वांनी जे शिकायचे ते शिकून घेतले. आज एका आजींना फोन करून जादा नळकांडे पोचले का, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, नळकांडे पोचले आहे, पण शेगडीसाठी पीट आत आणायला कोणी नाही. ते माझ्या यादीत नव्हते. संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून दोन पोती आत नेऊन ठेवली. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली काळी माती. आपल्या शेणीसारखीच जळते आणि धुराचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो.

एक विसंगती तुला आवडेल. येथे डोंगरावर १०३ पवनचक्क्या गेल्या वर्षीपासून फिरत आहेत आणि त्यांची वीज समुद्रातल्या केबलने थेट मुख्य भूमीवर जाते. वारा प्रमाणाबाहेर वाढला की या चक्क्या आपोआप पाती फिरवून थांबतात. म्हणजे उद्या रात्री जेव्हा वाऱ्याची नुसती रेलचेल असेल, तेव्हा वाऱ्याची वीज बंद आणि माझ्या टेबलावर मेणबत्ती.

हे लिहिता लिहिता बाहेर अंधार पडला. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आता रोज दिवस पाच-सहा मिनिटांनी आखडत चालला आहे. आजोबांच्या दिवाणखान्यात त्यांच्या वडिलांचा पितळी वायुभारमापक आहे. निघताना त्यांनी त्याच्या काचेवर बोटाने हलकीच टिचकी मारली आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकला. ते काहीच बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी दुसऱ्यांदा ओतला.

काकूंना माझा नमस्कार सांग. पोफळीच्या नव्या रोपांचा एक फोटो पाठव. किती वर गेली आहेत ते बघायचे आहे.

तुझाच,
बापू

ता. क. ५ ऑक्टोबर, रविवार. पत्र टपालात टाकायचे राहून गेले, म्हणून चार ओळी वाढवतो. वादळ येऊन गेले. अन्स्टवरच्या बॉल्टासाउंडला हवेचा दाब ९४७.९ मिलिबारपर्यंत उतरला. ऑक्टोबर महिन्यात ब्रिटनमध्ये इतका खाली तो यापूर्वी नोंदला गेला नव्हता. सर्वांत कमी दाब आमच्या बेटांच्या वाट्याला आला आणि सर्वांत जोराचा वारा, ताशी १५४ किलोमीटरचा, पश्चिमेच्या टायरी बेटाच्या. रात्री मधेच एकदा सगळे इतके शांत झाले की मी दार उघडून बाहेर पाहिले; आजोबांच्या खिडकीतही दिवा होता आणि त्यांनी आतूनच मला हाताने मागे जा म्हणून खुणावले. कोंबड्या सहाच्या सहा आहेत. डबा जागेवर आहे. पण पावसाने दोरी फुगून ती सुरगाठ अशी काही बसली आहे की सकाळपासून टोक ओढतो आहे आणि ती सुटत नाही. आता आजोबांना हाक मारणे आले.