किडलेल्या कपाटाच्या सदोष दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दुरुस्तीनंतरही कपाटात जिवंत कीड राहिल्याबाबत.

महोदय,

आपल्या कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेल्या आमच्या जुन्या लाकडी कपाटाच्या डाव्या फळीला व मागच्या पायाला पुन्हा भोके पडू लागली आहेत. ही भोके नव्या पॉलिशच्या थरातून आरपार आली आहेत, त्यांच्या कडा ताज्या आहेत आणि खाली अंथरलेल्या काळ्या कागदावर पिठासारखी फिकी भुकटी रोज साचते.

पाहणीनंतर आपण लेखी कळवले की दुरुस्ती निर्दोष होती आणि कीड आमच्या घरात नव्याने लागली. हे मला मान्य नाही. लाकडावर दिसणारे भोक कीड आत शिरल्याचे नसून पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडल्याचे चिन्ह असते. मादी उघड्या लाकडावर, चिरांत किंवा सांध्यांत अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी आतल्या आत लाकूड पोखरत अनेक महिने, काही जातींत तर 3 ते 5 वर्षेही राहते. कपाट घरी येऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना जो भुंगेरा पॉलिश फोडून बाहेर आला, तो आपण भोकांत पुट्टी भरत होता तेव्हाही आतच होता, याखेरीज दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

बिलात ‘कीडप्रतिबंधक प्रक्रिया’ अशी स्वतंत्र नोंद आहे. चौकशी केल्यावर कळले की वाळवीचे औषध पॉलिशवरून फवारण्यात आले होते. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओलावा लागतो. पण हा भुंगेरा कोरड्या लाकडातही वाढतो. शिवाय पॉलिशचा थर औषध आत मुरू देत नाही; बोरॅक्ससारखी कीडनाशक द्रावणेसुद्धा उघड्या लाकडातच शोषली जातात. पॉलिश काढून ती मुरवणे, भोकांतून सुईने औषध सोडणे किंवा परवानाधारकाकडून धुरी देणे, यांपैकी काहीही झालेले नाही. पॉलिशचे काम मात्र उत्तम आहे, इतके की आतला बिघाड झाकण्यास ते पुरेसे ठरले.

मागच्या पायाची स्थिती अधिक गंभीर आहे. तो आतून पोकळ झाला असून अंगठ्याने दाबताच पुट्टीचे पापुद्रे सुटतात आणि खाली नखाने उकरता येईल असे भुसभुशीत लाकूड लागते. ज्या पायावर भरल्या कपाटाचा भार येतो, तिथे नुसती पुट्टी चालत नाही. किडका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा, रेषा जुळवून घेतलेला तुकडा जोडायला हवा होता.

तरी आपण कपाट स्वखर्चाने नेऊन कीड समूळ मारावी, वापरलेल्या औषधाचे नाव व प्रमाण लेखी द्यावे, पाय नव्याने जोडावा आणि ताजी भुकटी पडणे थांबल्याची खात्री होईपर्यंत भोके बुजवू नयेत. हे शक्य नसल्यास दुरुस्तीची संपूर्ण रक्कम परत करावी. घरातील इतर लाकडी सामानाला लागण होऊ नये म्हणून कपाट सध्या वेगळ्या खोलीत ठेवावे लागले आहे, त्यामुळे 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा मला ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे लागेल.

सोबत बिलाची प्रत, आपले उत्तर व भोकांची छायाचित्रे जोडली आहेत.

आपली,
एक ग्राहक