ऑबर्न हिल्सहून अण्णा-आईंना

ऑबर्न हिल्स, मिशिगन
रविवार, 24 ऑक्टोबर 2010

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तब्येत चांगली आहे, जेवण घरचंच, थंडीचा जाड कोट गेल्या वर्षीचाच आहे आणि तो पुरेसा उबदार आहे. तेव्हा आई, त्याची चिंता काढून टाक.

अण्णा, तुमचं म्हणणं की तिकडच्या निवडणुकीत परदेशी लोकांमुळे नोकऱ्या गेल्या अशी भाषणं चाललीत आणि मी ती तुमच्यापासून लपवते. लपवत नाही. फोनवर मागे मागांचा खडखडाट असतो, तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

2 नोव्हेंबरला इथं गव्हर्नरची निवडणूक आहे. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, पण लोक त्याला थेट निवडतात. आताच्या बाई, जेनिफर ग्रॅनहोम, यांच्या दोन मुदती संपल्या, त्यांना पुन्हा उभं राहता येत नाही. रिपब्लिकनांकडून रिक स्नायडर उभा आहे आणि डेमोक्रॅटांकडून व्हर्ज बर्नेरो. पोटापाण्याचा विषय सोडून दोघं दुसरं फारसं बोलतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. काम मागणाऱ्या शंभरांतल्या तेराजणांना काम नाही. गेल्या वर्षी क्रायस्लर आणि जनरल मोटर्स महिन्याभराच्या अंतरानं दिवाळखोरीत गेल्या, हे तुम्ही पेपरात वाचलंच होतं. शेजारच्या पॉन्टियॅक गावातला ट्रकचा कारखाना गेल्या वर्षी सप्टेंबरात बंद झाला. त्या गावावर राज्यानं प्रशासक नेमलाय. माझ्या घरमालकीणबाईंचे यजमान त्याच कारखान्यातून निवृत्त झालेत. आता कुलूप लागलंय, तरी ते त्याच रस्त्यानं गाडी नेतात.

बर्नेरो त्याच पॉन्टियॅकचा. वडील इटलीहून आले आणि जनरल मोटर्समध्ये कामाला लागले. तो आता राज्याची राजधानी लान्सिंगचा महापौर आहे, तावातावानं बोलतो. त्याचं म्हणणं, मोठ्या बँकांना सरकारनं वाचवलं आणि त्या आता लहान धंदेवाल्याला कर्ज देत नाहीत, म्हणून राज्यानं स्वतःची बँक काढावी. अण्णा, हे ऐकलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात. सूत महाग झालं की आपल्यासारख्या लहान मागवाल्याला कोणती बँक दारात उभं करत नाही, हे तुम्ही किती वर्षं सांगताय.

स्नायडर हिशेबनीस माणूस. गेटवे या कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, नंतर नव्या कंपन्यांत पैसे घालू लागला. कधी निवडणूक लढवलेली नाही, पण पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ऑगस्टच्या फेरीत पक्षातल्या मुरलेल्या लोकांना मागं टाकलं. त्याचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: बाहेरच्या बड्या कारखान्याला सवलती देऊन ओढून आणण्यापेक्षा गावातच असलेल्या पाच-पन्नास माणसांच्या धंद्याला वाढवा. धंद्यावरचा आताचा कर फार किचकट आहे, त्यावर आणखी अधिभार बसवलाय. तो काढून सरळ सहा टक्के लावीन म्हणतो. ॲन आर्बर गावात फायझर या औषध कंपनीनं आपलं संशोधन केंद्र बंद केलं, दोन हजारांवर माणसांचं काम गेलं. तिथं नव्या धंद्यांना हात देणारी जी संस्था आहे तिच्या उभारणीत हा होता. त्यामुळे त्याचं हे बोलणं नुसतं निवडणुकीपुरतं वाटत नाही. मला त्याचा विचार पटतो आणि बर्नेरोचा राग पटतो. मला मत नाही, व्हिसावरच्या माणसाला नसतंच, पण असतं तर रात्रभर झोप लागली नसती.

आता तुमची शंका. बर्नेरोच्या जाहिरातींत येतं की स्नायडरच्या कंपनीनं नोकऱ्या परदेशी धाडल्या. स्नायडर ते नाकारतो. राग त्या कंपन्यांवर आहे. माझ्याशी वाकडं कोणी बोललेलं नाही, ना ऑफिसात ना दुकानात. हे अगदी खरं आहे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही, ती नीट सांगते. इथं प्रचाराचे झेंडे, कमानी, भोंगे नाहीत. लोक आपल्याच अंगणातल्या हिरवळीत उमेदवाराच्या नावाची पाटी लावतात. पाटी प्लॅस्टिकच्या पत्र्याची, पोथीच्या पाटाएवढी, तिला खाली तारेचे दोन पाय. पाय जमिनीत खोचायचे की झालं. पैसे कोणी देत नाही, उलट लोक जाऊन मागून आणतात. आणि एकट्या गव्हर्नरचीच नसते. इथं न्यायाधीश निवडणुकीनं येतात, शाळेचं मंडळ येतं, मिशिगन विद्यापीठाच्या नियामक मंडळावरचे लोक येतात, ड्रायव्हिंग लायसन्सचं खातं जिच्याकडे असतं ती सेक्रेटरीसुद्धा. त्या सगळ्यांच्या पाट्या. एकेका अंगणात सहा-सात. आमच्या मालकीणबाईंच्या दारात बर्नेरो, समोरच्या घरात स्नायडर. मला वाटलं यांचं बोलणं बंद असणार. कसलं काय! समोरचे गृहस्थ परवा यांच्या पन्हाळीतली पानं काढायला शिडी घेऊन आले आणि बर्नेरोची पाटी पायाखाली येऊ नये म्हणून स्वतःच्या हातानं बाजूला खोचली. कोणी कोणाची पाटी उपटत नाही. तरीही ‘तुम्ही मत कोणाला देणार’ असं तोंडावर विचारणं असभ्य! पाटी दारात, रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते, पण विचारायचं नाही. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपापल्या पाट्या काढून गॅरेजात ठेवतात म्हणे. आपल्याकडे नगरपालिकेच्या वेळी गल्लीत काय होतं ते आठवा. दादाला हे वाचून दाखवा, त्याचा विश्वास बसणार नाही.

स्नायडरच्या जाहीरनाम्यात दहा कलमं आहेत. त्यांतलं एक कलम असं की राज्यातली तरुण मुलं इथंच राहतील असं वातावरण करायचं. मालकीणबाईंचा मुलगा कामासाठी टेक्ससला गेलाय. पाटी बर्नेरोची असली तरी या कलमावर त्या गप्प होतात. मला म्हणाल्या, तुझ्या आईलाही असंच वाटत असेल. मी म्हटलं, आमच्याकडं आनंदानं पाठवतात. अण्णा, तुम्ही मला स्टेशनवर सोडायला आला होता तेव्हा आनंदातच होता, हो ना? इचलकरंजीत राहून मी या विषयात काय केलं असतं, हे तुम्हीच तेव्हा म्हणाला होता. मी उगाच लिहिते आहे, सोडा.

माझ्या नोकरीचं विचाराल तर ती व्यवस्थित आहे. आमच्या गटातल्या काहींना मार्चमध्ये जावं लागलं, पण ते वेगळ्या प्रकल्पावर होते. व्हिसा कंपनीच्या नावावर असतो हे खरं, म्हणून लगेच घाबरून जायचं कारण नाही. गाड्यांची विक्री हळूहळू सुधारतेय. सप्टेंबरात जवळच लिव्होनियात विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा कारखाना सुरू झाला, आमच्याकडं त्या बाजूचं काम येऊ शकतं. इथल्या कामाबद्दल दर आठवड्याला तेच तेच विचारू नका, मी उत्तर देते पण मन लागत नाही.

दिवाळीला येत नाही, हे आईला तुम्ही सांगितलंत का? तिकीट महाग आहे हे कारण सांगा. खरं तर या दिवसांत रजा मागितली की साहेबांच्या लक्षात राहतं, आणि मला आत्ता लक्षात राहायचं नाही. इथल्या मराठी मंडळींचा फराळ आहे, मी चकल्या करणार आहे, आईनं पाठवलेली भाजणी अजून आहे. उन्हाळ्यात नक्की येईन.

दोन हजार डॉलर पाठवलेत, अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास होतील. त्यातून आधी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन. उरलेले सुताच्या उधारीला. उलट करू नका. चार माग विकायचं दादाच्या मनात आहे असं वैनीकडून कळलं. मला कोणी का सांगितलं नाही? विकायचे तर विका, पण कर्ज फेडायला माझे पैसे कमी पडतात म्हणून विकू नका, जानेवारीत आणखी पाठवते.

मिरजेच्या स्थळाबद्दल. मुलगा चांगला असेल, पुण्यात आहे हेही कळलं. त्यांना ‘मुलगी परत येणार’ असं सांगू नका आणि ‘येणार नाही’ असंही सांगू नका. पत्रिका द्यायची तर द्या, फोटो गेल्या संक्रांतीचा देऊ नका, मी त्यात फार वाळलेली दिसते. आईला म्हणावं, मी नाही म्हटलेलं नाही. त्याच्याशी आधी फोनवर बोलू दे, एवढंच मागणं आहे.

आजीला नमस्कार, चिमीला पापा. पैसे खात्यात जमा झाले की दादाला एक मिस्ड कॉल द्यायला सांगा, मी लगेच फोन करीन.

तुमची,
वृषाली