गिअरचा क्रँक घेण्याआधी बीबीची नळी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की मुंबईत सायकली पुन्हा रस्त्यावर येतात आणि ‘क्रँकमधला गिअर’, म्हणजे पॅडलच्या दांड्यापाशी पुढच्या चेनव्हीलच्या आत बसणारा गिअर, बसवून द्या, असं विचारणारेही वाढतात. मागच्या चाकात काही बदल न करता, तारा आणि डिरेलरचं (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्राचं) लचांड न वाढवता दोन गिअर मिळतात, ही कल्पना खरंच चांगली आहे. तिच्याबद्दल मराठीत जे छापून येतं त्यात गुणोत्तराचे आकडे असतात, बटणाचं कौतुक असतं. पण ज्या एका गोष्टीवर हे सगळं उभं राहतं, ती म्हणजे फ्रेममधली बीबीची (बॉटम ब्रॅकेटची) नळी, म्हणजे क्रँकचा एक्सल जिच्यात फिरतो ती तळाची आडवी नळी. तिचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

आधी यंत्र काय आहे ते थोडक्यात. नेहमीच्या क्रँकमध्ये पॅडलची एक फेरी म्हणजे चेनव्हीलची एक फेरी. गिअरच्या क्रँकमध्ये चेनव्हीलच्या आत छोटी दातेरी चाकं एका मध्यवर्ती चाकाभोवती फिरतात, म्हणजे तीच प्लॅनेटरी रचना जी मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या तीन गिअरच्या हबमध्ये असते. ही कल्पना जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सनबीम सायकलींना दोन वेगांचा असा गिअर मिळायचा आणि १९३०च्या दशकात जर्मनीच्या आडलर कंपनीने क्रँकपाशी तीन गिअर बसवलेली सायकल काढली होती. आज या प्रकारात सर्वांत माहितीचं नाव म्हणजे मूळचा स्वित्झर्लंडचा श्लुम्फ. त्याचे तीन प्रकार आहेत. प्रत्येकात एक गिअर नेहमीसारखा थेट असतो, दुसऱ्या गिअरमध्ये फरक पडतो : एकात चेनव्हील १.६५ पट वेगाने फिरतं, दुसऱ्यात २.५ पट, आणि तिसरा उलटा, त्यात पॅडलच्या एका फेरीला चेनव्हील फक्त ०.४ फेरी फिरतं. एक्सलच्या दोन्ही टोकांना बटणं असतात. टाचेने एका बाजूचं दाबलं की वरचा गिअर, दुसऱ्या बाजूचं दाबलं की खालचा. सायकल उभी असतानाही गिअर बदलतो. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना याचा फायदा किती, हे वेगळं सांगायला नको. पोलंडच्या एफनिओमध्ये २८ दात्यांच्या एकाच चेनव्हीलवर २८, ४० आणि ५० दात्यांसारखे तीन गिअर मिळतात, पण तिथे बटण नसून हँडलवर लिव्हर आणि तार असते.

आता निवड. सगळा हिशोब एका आकड्यात बसतो : पॅडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते. चाकाचा घेर गुणिले चेनव्हीलचे दाते भागिले फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चाकाचे) दाते. आपल्या काळ्या २८ इंची सायकलचा घेर साधारण २.२ मीटर. चेनव्हील ४४, फ्रीव्हील १८ असेल तर ५.४ मीटर. अशा सायकलला नुसता १.६५चा क्रँक लावला की वरचा गिअर ८.९ मीटरचा होतो. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ३२ किलोमीटर. लालबाग-परळच्या गर्दीत तो कधी वापरणार? पैसे गेले, गरजेचा गिअर मिळालाच नाही. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

गरज असते ती पुलांवर, केम्प्स कॉर्नरच्या चढावर आणि मागे माल असताना. सायकल, माणूस आणि सामान मिळून १४० किलो धरा, चढ ४ टक्के. ५.४ मीटरच्या गिअरवर १७० मिलिमीटरच्या क्रँकला पॅडल आडवं असताना पायाने ५० किलोच्या वर दाब द्यावा लागतो, म्हणजे जवळजवळ उभं राहूनच. ३.४ मीटरवर हाच दाब ३२-३३ किलोवर येतो. म्हणून १.६५चा क्रँक घ्यायचा तर चेनव्हीलही लहान करा : ३४ दाते पुढे, २२चं फ्रीव्हील मागे. मग खालचा गिअर ३.४ आणि वरचा ५.६ मीटर. वरचा म्हणजे जवळपास तुमचा आजचाच गिअर, आणि त्याच्या खाली एक नवा मिळाला.

यात एक किंमत आहे, ती लपवू नये. १.६५च्या क्रँकमध्ये खालचा गिअर थेट असतो, त्यात आतली चाकं काम करत नाहीत. वरच्या गिअरमध्ये ती फिरतात, थोडी ताकद खातात, किंचित घरघरही येते. मुंबईचा बहुतेक रस्ता सपाट, म्हणजे तुम्ही बहुतेक वेळ त्या घरघरीतच राहणार. ०.४चा उलटा प्रकार घेतला तर रोजचा ५.४ मीटरचा गिअर थेट राहतो आणि चढावर २.२ मीटर मिळतो. मात्र तो फार खाली जातो, ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. मालाच्या तीनचाकीला तो योग्य, नुसत्या माणसाला बहुधा जास्तच. रोज दहा किलोमीटर एकट्याने जाणाऱ्याला आमचं मत विचाराल तर मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब बसवणं जास्त शहाणपणाचं. त्याचे गिअर ७५, १०० आणि १३३ टक्के, मधला थेट, आणि फ्रेमला हात लावावा लागत नाही. गिअरचा क्रँक शोभतो तो लहान चाकांच्या घडीच्या सायकलींवर आणि ज्यांच्या मागे आधीच हब गिअर आहे त्यांच्यावर. आधीच हब गिअर असेल तर ०.४चा क्रँक लावताना सावध राहा. चेनवरचा ताण अडीचपट होतो आणि हब बनवणारा पुढच्या-मागच्या दात्यांच्या गुणोत्तराला जी किमान मर्यादा घालतो, ती सहज ओलांडली जाते. मग आतले पॉल (दात्यांत अडकणाऱ्या खिट्ट्या) आणि दाते मोडतात.

आता मूळ मुद्दा. ७० किलोचा माणूस पॅडलवर उभा राहिला की १७० मिलिमीटरच्या क्रँकवर साधारण ११७ न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) येतो. साध्या क्रँकमध्ये हा सगळा पीळ चेनकडे जातो, बीबीच्या नळीला तो सोसावा लागत नाही. म्हणूनच छर्ऱ्यांचे कप नुसत्या आट्यांवर वर्षानुवर्षं राहतात. गिअरच्या क्रँकमध्ये पॅडलचा पीळ आणि चेनव्हीलचा पीळ वेगळे असतात, आणि त्यांच्यातला फरक यंत्राच्या घराला (बाहेरच्या आवरणाला) आणि त्याच्यामार्फत फ्रेमला धरून ठेवावा लागतो. १.६५मध्ये हा फरक सुमारे ४६ न्यूटन-मीटर येतो आणि घराला पॅडलच्या दिशेने पुढे ढकलतो. ०.४मध्ये १७५ न्यूटन-मीटर, तोही उलट, मागच्या दिशेला. चौकोनी एक्सलवरचा क्रँकचा बोल्ट ज्या जोराने आवळतात तो ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. यावरून अंदाज करा, आणि हा धक्का एकदा नाही, प्रत्येक पॅडलला बसतो.

हे घर धरून ठेवण्यासाठी श्लुम्फला सहसा बीबीच्या नळीच्या दोन्ही तोंडांना आतून ४५ अंशांचा उतार कापावा लागतो. यंत्राचे शंकूसारखे भाग त्या उतारात घट्ट बसतात आणि घर्षणाने फिरण्यापासून रोखले जातात. उतार अर्धवट कापला, वाकडा कापला किंवा कापलाच नाही, तर पहिल्या पुलावर घर नळीत सरकतं. एकदा सरकलं की बसण्याची जागा खरवडली जाते, पुढे कितीही आवळा, धरत नाही. थ्रेडलॉकने (आटे चिकटवणाऱ्या द्रावाने) ते थांबत नाही. वेल्डिंगचे दोन टिपके मारून थांबवलं तर यंत्र पुन्हा काढता येत नाही, आणि नळीला जोडलेल्या पातळ नळ्या उष्णतेने कमजोर होतात ते वेगळंच. पातळ नळीला उतार कापायला जागा नसेल, किंवा फ्रेम कार्बनची असेल, तर तिथेच थांबा.

म्हणून पैसे देण्याआधी बीबीची नळी उघडून व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतो. लांबी ६८ मिलिमीटर असेल आणि दोन्ही बाजूंना १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे आटे असतील तर काम सोपं. ७३ मिलिमीटर असेल तर त्या लांबीचं मॉडेल मागवा. इटालियन सायकलींत लांबी ७० आणि व्यास ३६ मिलिमीटर, तिथे गुंतागुंत वाढते. स्वस्त सायकलींत एकसंध वाकवलेला क्रँक असतो. तिथली नळी आतून ५१ मिलिमीटर व्यासाची आणि आट्यांविना असते, तिला हे बसत नाही. बाजारात मिळणाऱ्या, मोठी नळी आट्यांच्या मापाची करणाऱ्या अडॅप्टरवर वर दिलेला पीळ टाकायचा का, हे तुम्हीच ठरवा.

जुना क्रँक काढताना कॉटरचा (क्रँक एक्सलला धरून ठेवणाऱ्या खिळीचा) नट सैल करा, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्या आणि मग ठोका. आधाराविना ठोकलं तर छर्ऱ्यांचे खड्डे कपात उमटतात. इटालियन नळी सोडली तर चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. जोर लावून उलट फिरवल्याने किती नळ्या बरबाद झाल्या असतील! नळी रॉकेलने धुवा, गंजलेल्या आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. अख्खी फ्रेम लेथवर चढत नाही, त्यामुळे उतार कापायला हाताने फिरवायचं खास कटर लागतं. तेल सोडत, हलक्या दाबाने, एकाच दिशेने फिरवा, मागे फिरवू नका, नाहीतर दाते बोथट होतात. नुसता रंग उडाला म्हणजे उतार तयार झाला असं नाही. चकचकीत धातूची रिंग गोलाकार पूर्ण आणि सगळीकडे सारख्या रुंदीची दिसली पाहिजे. आट्यांना ग्रीस लावा, पण बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर शंकूच्या तोंडांना नको, कारण तिथे घर्षण हवं आहे. यंत्र उजवीकडून घाला, डावीकडची रिंग पुस्तिकेतल्या टॉर्कनेच, टॉर्क रेंच घेऊन आवळा. क्रँक यंत्रासोबत आलेलेच लावा, कारण बटणाची दांडी पोकळ एक्सलमधून जाते आणि जुने क्रँक तिला जागा देत नाहीत.

चेन बसवण्याआधी चेनव्हील आणि मागचं फ्रीव्हील एका रेषेत आहेत का पाहा. सीटच्या नळीच्या मध्यापासून दोन्हींचं अंतर मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चेन आवाज करते आणि दाते एका बाजूने झिजतात. यंत्राचं घर चेनव्हीलच्या आत फुगीर असल्याने मागच्या नळीला ते घासत नाही ना, तेही तपासा. काळ्या सायकलचं बंद चेनकव्हर सहसा काढून टाकावं लागतं. चेन हाताने वर-खाली हलवली की मध्यभागी सेंटीमीटरभर हलायला हवी. मागच्या एक्सलचे नट नीट आवळा, विशेषतः ०.४च्या प्रकारात, नाहीतर चेनच्या ओढीने चाक तिरकं होऊन फोर्कला घासतं.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे, पण ते टाळू नका. यंत्राचं घर आणि नळी यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. वीस-तीस किलोमीटर आणि एखादा पूल झाला की पाहा. रेघ तुटली असेल तर घर सरकलंय. लगेच काढून तोंडं तपासा, नुसतं आवळून पुढे नेऊ नका.

मुंबईच्या पावसाचं एक विसरू नये. सायकलची बीबी जमिनीपासून फूटभराच्याच आसपास असते. हिंदमाता किंवा मिलन सबवेला गुडघाभर पाणी साचलं की यंत्र पूर्ण बुडतं, सील कितीही चांगलं असलं तरी. शिवाय सीटच्या नळीतून उतरणारं पाणी बीबीतच साचतं. नळीच्या तळाला, उतारापासून दूर, ५ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या आणि बुडालेली सायकल तशीच चालवू नका. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ग्रीस भरा. बटणांच्या दांडीवर गंज चढला की टाचेने दाबूनही गिअर बदलत नाही. सैल चपलेने दाबताना टाच घसरते, त्यामुळे मोठं बटण मागून घेतलेलं बरं.

शेवटी एक विनंती. उतार कापण्याचं कटर एका दुकानाला परवडत नाही, कारण वर्षाला चार-पाच सायकली येतात. आयटीआयच्या जोडारी विभागांनी किंवा दुकानदारांनी मिळून एक कटर विकत घ्यावं, शहरात दोन-तीन ठिकाणी ठेवावं आणि ठरावीक भाड्याने वापरू द्यावं. आपल्या दैनिकातून ही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली तर बरं होईल.

आपले,
सायकल दुरुस्तीतले काही जोडारी
परळ, मुंबई