तुझं ययातिवरचं मत वाचलं

प्रिय मनी,

परवा फोनवर जे बोलणं झालं त्याबद्दल हे पत्र नाही. ते झालं गेलं. तब्येतीचं एक अक्षर काढणार नाही असं आईला कबूल करून बसलोय, फक्त पुस्तकांबद्दल लिहिणार आहे. व्हॉट्सॲपवर एवढं मोठं पाठवलं की तू नुसता अंगठा दाखवतेस म्हणून मेल.

खांडेकरांच्या ययाति कादंबरीवर तू लिहिलेलं आत्याच्या ताईनं मला फॉरवर्ड केलं. तिला वाटलं आम्हाला माहीत असेल. "डेंग्यूनं ॲडमिट होते, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात ययाति" ही तुझी पहिली ओळ. मी ती ओळ वाचली आणि पुढचं काही दिसेनाच, आईला हाक मारली तर ती म्हणाली हे कधीचं आहे, तर मागच्या महिन्याचं. म्हणजे तू आमच्याशी रोज रात्री बोलत होतीस, "ऑफिसात काम जास्त आहे म्हणून आवाज बसलाय" म्हणत होतीस, ते हॉस्पिटलच्या कॉटवरून. आणि परवा विचारलं तर "तुम्हाला सांगून काय होणार होतं, तुम्ही तिकडून काय करणार होता". अगं मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये आज बसलं की उद्या सकाळी बेंगळुरू, एवढंच तर करायचं होतं.

असो. पुस्तकाचं लिहितो म्हणालो होतो.

तुझं बाकीचं लिहिलेलं मी त्या दिवशी संध्याकाळी नीट बसून वाचलं. आपल्या वाचक गटात आधीच ययाति लागलं होतं, हा योगायोग. तुला माहीत आहे आपल्याकडं खांडेकरांबद्दल काय आहे ते, सांगलीत जन्मलेला माणूस, शिरोड्याला मास्तरकी केली, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली ययातिला मिळालं, हे सगळं आम्ही घरचंच असल्यासारखं सांगतो. गटातले निम्मे लोक हात जोडूनच बोलत होते. मेडिकलवाले म्हणाले माझ्या लग्नात मामानं दिलं होतं, तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या भाषा फार अलंकारिक, प्रत्येक पानावर एक सुविचार, आज झेपत नाही. मग मी तुझा कागद काढला.

तू लिहिलंयस की कादंबरीत ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, तिघं आळीपाळीनं आपापली बाजू मांडतात, पण ज्याच्याकडून तारुण्य मागून घेतलं त्या पुरूला लेखकानं एक प्रकरणसुद्धा दिलं नाही, बापाच्या पश्चात्तापाला एवढी पानं आणि पोराच्या म्हातारपणाला काहीच नाही. मनी, मी हे पुस्तक कॉलेजपासून वाचतोय, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून विचारलं कुणी लिहिलंय, मी म्हटलं माझ्या मुलीनं. मेडिकलवाले थोडे नाराज झाले, पण म्हणाले पोरगी वाचते बरं का. पहिली ओळ मी तिथं वाचली नाही. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

पण एक सांगू का, तुझं सगळं पटलं तरी तू पुस्तकाला दिलेला एकच स्टार पटला नाही. खांडेकरांनी १९५९ ला लिहिलं तेव्हा त्यांना भोगाच्या मागं धावणारा माणूस दाखवायचा होता, पुरू त्यांच्या लेखी त्यागाची मूर्ती, आणि मूर्तीला कोण बोलू देतंय. हा त्या काळचा दोष धर, पण देवयानीचा राग किती खरा उतरलाय ते तरी बघ. तेवढ्यासाठी तीन दे. आणि कथेतला बाप पोराकडून तारुण्य घेतो, इथं आम्हाला उलट करायचं होतं, तुझा ताप घ्यायचा होता, तर तू पत्ताच लागू दिला नाहीस.

बघ, आलं परत. आईला हे दाखवणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडीचं सांगतो. त्या मीटिंगला मी भांडलो, तेही मोठ्यानं. बँकेतल्या एक मॅडम म्हणाल्या काही घडतच नाही, मास्तर येतो, शाळा भरत नाही, तालीम बांधतात, औंधचे राजे येऊन जातात, दुष्काळ पडतो, संपलं. त्यांचं चूक म्हणून नाही, त्या मुंबईत वाढल्या, त्यांना ते तसंच दिसणार. पण मी आटपाडीकडचा. पुस्तक १९५५ चं, आणि मी बहात्तरचा दुष्काळ शाळेत असताना बघितला. तुझी आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, दुपारी खायला सुकडी मिळायची ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी व्हायच्या त्या तोंडात फिरायच्या नुसत्या. शेवटी त्या वाडीतली माणसं मेंढरं घेऊन एकेक करून निघून जातात आणि मास्तर रिकाम्या गावात उरतो, ते वाचताना मला आमची गल्ली दिसते. मी हे तिथं बोललो आणि मग बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, हे तुम्ही सांगितलं म्हणून आता कळलं, पुस्तकात एवढं उलगडून नाहीये. बरोबर आहे त्यांचं. माडगूळकर सांगत बसत नाहीत, दाखवतात आणि पुढं जातात. ज्याला माहीत आहे त्याला ते पुरतं, ज्याला नाही त्याला कोरडं लागतं. यावर आमचं एकमत झालं नाही आणि व्हायचं कारण पण नाही.

आज्जी पण तशीच होती बरं का, पाय सुजलेला असला तरी "काय नाही, चाललंय" म्हणायची. तिच्याकडून आलंय तुझ्यात हे. पुराच्या वेळी तर मी डोळ्यानं बघितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर आपण वाचनालयात गेलो होतो, आठवतंय? पुस्तकं फुगून कपाटाच्या फळ्यांत अशी अडकली होती की ओढून निघत नव्हती, चिखलाचा वास, आणि तू जमिनीवर बसून एकेका पानात पेपरचे तुकडे घालत होतीस, पान फाटू नये म्हणून खालून हाताचा तळवा लावून उचलायचीस. तुझ्या पायाला पत्र्यानं कापलं होतं. रक्त, त्यावर पुराचा चिखल, आणि तू संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढेपर्यंत कुणाला बोलली नाहीस. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला रात्री दवाखाना शोधत फिरलो आपण, निम्मे बंद. तेव्हा मी रागावलो नाही कारण तू पुस्तकं वाचवत होतीस, मला फार अभिमान वाटला होता, अजून वाटतो, तुझ्या हातची सुकवलेली काही पुस्तकं वाकडीतिकडी का होईना मला कपाटात दिसतात. पण कापलेलं सांगायचं असतं गं.

आता एकदाच लिहून टाकतो म्हणजे विषय संपेल. डेंग्यूत ताप उतरला की माणसाला वाटतं बरं झालं, आणि नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे असतात, त्या वेळी पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यातून रक्त आलं तर थांबायचं नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर मनानं घ्यायची नाही. तो डास दिवसा चावतो, म्हणजे रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या थाळ्या दर आठवड्याला ओतून घासून टाक. आणि डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला म्हणजे सुटलो असं नाही, दुसऱ्या प्रकारचा झाला तर जास्त जोरात होऊ शकतो. आत्या पपईच्या पानाच्या रसाचं सांगतेय रोज, ते राहू दे, डॉक्टर सांगतील ते कर. झालं. लेक्चर झालं मान्य आहे, तू आता सव्वीस वर्षांची आहेस, तुला हे सगळं माहीत असणार, रागावू नको.

आई गटात फारशी बोलत नाही हे तुला माहीत आहे, चहा ठेवते आणि दारात उभी राहून ऐकते. पण लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या वेळी ती खुर्ची घेऊन मध्येच बसली. सगळे लक्ष्मीबाईंच्या विनोदाबद्दल बोलत होते, किती सहज लिहिलंय, बाईला शाळा नाही काही नाही आणि कुठल्या लेखकाला जमणार नाही असं गद्य, वगैरे. आई म्हणाली मला हसू आलंच नाही. तिचे नवरे, कवी ना. वा. टिळक, घरातून न सांगता निघून जायचे, मनात काय चाललंय ते बायकोला कळू द्यायचे नाहीत, १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाले तेव्हा ही बाई कुठं दूर नातेवाइकांत, तिला ते बाहेरून कळतं आणि नंतर काही वर्षं कसली गेली तिची. तुम्हाला ते टिळक थोर वाटतात, असतील थोर, फुलामुलांचे कवी वगैरे, पण घरी न सांगणारा माणूस घरच्यांना काय करून ठेवतो ते या बाईनं न रडता लिहिलंय, एवढंच मला दिसतं. सगळे गप्प. ही मीटिंग तुझ्या डेंग्यूचं कळायच्या आधीची आहे, म्हणजे तुला उद्देशून नव्हतं. पण परवापासून आईनं तेच पुस्तक परत काढलंय.

सुनीताबाई देशपांड्यांच्या आहे मनोहर तरीवरून मात्र कडाक्याची भांडणं झाली, १९९० चं पुस्तक, अजून लोक तेवढेच तापतात. भाईंबद्दल, म्हणजे नवऱ्याबद्दल, पु. लं.बद्दल, असं चारचौघांत लिहायला नको होतं असं रिटायर्ड एसटीवाले म्हणाले, त्यावर बायका तुटून पडल्या. मी सुनीताबाईंच्या बाजूनं. पु. लं.ची बटाट्याची चाळ मला तोंडपाठ आहे आणि तरी मी त्यांच्या बाजूनं, कारण त्या बाईंनी स्वतःलाही सोडलेलं नाही त्यात. एक होता कार्व्हरबद्दल कुणाचं काही वेगळं मत निघालं नाही, सगळ्यांना आवडलं, त्यामुळं पंधरा मिनिटात संपलं आणि भडंग खाऊन लोक घरी गेले. उद्धव शेळक्यांची धग अर्ध्यांनी वाचलीच नाही. वऱ्हाडी बोली जड जाते म्हणाले, आणि कौतिकचं दुःख बघवत नाही म्हणाले. मला विचारशील तर गटात वाचलेल्यांत सगळ्यात मोठी कादंबरी तीच. कौतिक नवऱ्याचा महारोग, गरिबी, सगळं एकटी ओढते, आणि शेळक्यांनी तिच्यावर कुठं कौतुकाचा हार घातलेला नाही, ती ओढताना कशी झिजते तेच दाखवलंय. एकटीनं ओढणं म्हणजे शहाणपण असं जे आपल्याकडं मुलींना वाटायला लागलंय ना, त्यांनी ती वाचावी. तुला नाही म्हणत. म्हणजे तुलाच म्हणतोय.

नेमाड्यांच्या कोसलाचं शेवटी ठेवलं होतं, लिहू का नको असं चाललं होतं माझं. गटात एक इंजिनिअरिंगचा मुलगा येतो, हुशार आहे, तो म्हणाला पुस्तकात सगळ्यात भारी मनीचा भाग आहे. नायक पांडुरंगाची ती धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते तो. तो पोरगा वाचून दाखवायला लागला आणि मी चहाचं निमित्त काढून बाहेर गेलो. तुझं नाव आम्ही त्यावरून नाही ठेवलं, आज्जी तुला मांजरीसारखी मुटकुळं करून झोपतेस म्हणून मनी म्हणायला लागली आणि तेच राहिलं. कोसला मी तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी वाचलेली, तेव्हा मला ते पांडुरंगाचं वाटायचं, कॉलेज, मेस, बापाशी भांडण, मी पण पांडुरंगच होतो. आता वाचायला घेतली की मी त्याच्या बापाच्या बाजूला जाऊन बसतो. पोरगा लांब शहरात, पैसे पाठवायचे, पत्रात तो काय लिहितो आणि काय लिहीत नाही ते ओळखायचं. नेमाड्यांनी बापाला चांगलाच धुतलाय, पण त्या बापाला रात्री झोप लागत असेल का असं कुणी विचारत नाही. तू ययातित पुरूची बाजू शोधलीस, तसं.

तुझी बुद्धी फार चांगली आहे मनी. हे मी तुला तोंडावर कधी बोलत नाही. तू परक्या लोकांना पुस्तकाबद्दल जे इतकं मोकळं, इतकं नेमकं सांगतेस, त्यातलं थोडं आम्हाला फोनवर सांगत जा, चांगलं वाईट काहीही. नुसता "बरं नाही" एवढा मेसेज टाक. आम्ही लगेच निघून येणार नाही. म्हणजे आई येईल कदाचित.

प्लेटलेट आता किती आहेत ते कळव, रिपोर्टचा फोटो आईच्या नंबरवर टाक, माझ्या नको, मी बघत बसतो.

पुढच्या महिन्यात दया पवारांचं बलुतं आहे. मॅडमनी मुद्दाम निरोप दिलाय की मुलीचं मत मागवा. माझी कॉपी उद्या कुरिअर करतोय, सोबत आईनं मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं दिलंय, तोंडाला चव नसेल तर मऊ भाताबरोबर खा. पुस्तकात मी पेन्सिलीनं खुणा केल्यात त्याकडं लक्ष देऊ नको, तुझं तुला काय वाटतं ते लिही. मीटिंग दुसऱ्या रविवारी आहे, शनिवारपर्यंत पाठवलंस तर मला आधी एकदा वाचून घेता येईल.

तुझे
पप्पा