विझलेला सिग्नल

बेंगळुरू, १२ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. ईमेलच करणार होते. पण ज्या दिवशी या मजकुराची गरज पडेल, त्या दिवशी स्क्रीन काळी असेल, मग ईमेल वाचणार कशावर? फोनवर सांगितलं तर बाबा "हं, हं, कळलं" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर आईला विचारतात, "काय म्हणत होती गं ती?" म्हणून मोठ्या टायपात छापून कुरियरने पाठवतेय. कॉम्प्युटरच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा, बाबांच्या जुन्या रेल्वे पासाशेजारी.

आधी आईची माफी, बाबांच्या वतीनेसुद्धा. कॉम्प्युटर झोपेतून उठला आणि स्क्रीन काळीच राहिली, त्या पहिल्याच दिवशी तू म्हणाली होतीस, "अहो, मेलेला कसा असेल, आतून टिंग टिंग वाजतंय." कुणी लक्ष दिलं नाही. तो आवाज व्हॉट्सअ‍ॅपचा होता, माईमावशीच्या सुप्रभातांचा. मेलेल्या कॉम्प्युटरवर सुप्रभात येत नाहीत. यंत्र जागं होतं, फक्त तोंड दाखवत नव्हतं. हे निदान तू स्वयंपाकघरातून केलंस, आणि जो दुरुस्तीवाला घरी येऊन टेबलासमोर बसला त्याचं निदान काय, तर "ग्राफिक कार्ड जळलं, साडेसहा हजार." बाबा, आपल्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नाहीच. चित्र काढायचं काम त्यातला प्रोसेसरच करतो. नसलेलं कार्ड जळणार कसं? तुम्ही "मुलगी आल्यावर बघू" म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलंत, ते फार बरं केलंत.

आता हे 'झोपणं' म्हणजे काय, ते एकदा तुमच्या भाषेत सांगते. शेवटची लोकल गेली की स्टेशन बंद झाल्यासारखं दिसतं. फलाटावर कुत्री झोपतात, इंडिकेटर कोरा. पण केबिनमधला दिवा चालू असतो आणि ड्यूटीवरचा माणूस जागा असतो. स्लीप म्हणजे तेच. प्रोसेसर, डिस्क, पंखा सगळं थांबतं, फक्त मेमरीला थोडी वीज मिळत राहते. तुमचं उघडं पान त्या मेमरीत असतं. तेवढ्यात वीज गेली तर पान गेलं. त्याच्या पुढची पायरी हायबरनेट. त्यात चार्ज देताना तुम्ही सगळं डायरीत लिहून मगच घरी यायचात तसं कॉम्प्युटर सगळं डिस्कवर उतरवून ठेवतो आणि मग वीज गेली तरी चालतं.

बिघाड होतो तो उठताना. तुम्हीच मला लहानपणी सांगितलेलं की पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यातही हुबेहूब असाच व्यवहार चालतो, हे मला घरी आले होते त्या शनिवारी तुमच्या टेबलाखाली ओणवं होऊन धूळ खाताना जाणवलं आणि हसू आलं. मॉनिटरला चित्र नेणाऱ्या एचडीएमआयच्या केबलमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या एकोणिसाव्या पिनचं काम एवढंच, की पलीकडे मॉनिटर हजर आहे हे सांगायचं. मग मॉनिटर आपली ओळख पाठवतो, की माझ्यावर अमुक इतक्या ठिपक्यांचं चित्र मावतं. ती पोचली की कॉम्प्युटर चित्र सोडतो. आपला मॉनिटर झोपेतून उठला की आधी व्हीजीए या जुन्या पद्धतीच्या केबलच्या तोंडाशी कुणी आहे का बघायचा, मग एचडीएमआयकडे वळायचा. तेवढ्यात कॉम्प्युटरकडून काही आलेलं नसायचं, म्हणून हा पुन्हा डोळे मिटायचा. मग कॉम्प्युटर हाक मारायचा, तर हा झोपलेला. दोन स्टेशनं एकमेकांच्या घंटेची वाट बघत बसलेली आणि मधे गाडी खोळंबलेली. शिवाय केबल इतकी सैल होती की आईने फडका मारला तरी हलत असणार.

तर बाबा, स्क्रीन काळी दिसली की लगेच पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही. तुमचाच नियम लावा. दिवा विझलेला सिग्नल दिसला तर तो लालच समजायचा. आणि ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग जपून पुढे जायचं. मी सातवीत असताना हे तुम्ही मला दादरच्या पुलावर उभं करून शिकवलंय, आणि घरातल्या काळ्या स्क्रीनसमोर तुम्हाला दहा सेकंद दम निघत नाही!

एक मिनिट थांबा. माउस हलवा, स्पेसबार दाबा. मग कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा छोटा दिवा लागतो का, परत दाबल्यावर जातो का, ते बघा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याच्याइतकी कामाची दुसरी परीक्षा नाही. दिवा लागतो-विझतो म्हणजे कॉम्प्युटर जागा आहे, घोटाळा फक्त चित्राचा आहे. दिवा ढिम्म हलत नसेल तर कॉम्प्युटर स्वतःच अडकलाय.

जागा असेल तर चार बोटांची कसरत करायची. विंडोजची खिडकीवाली की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम. बारीक 'टुक' असा आवाज येईल. याने चित्र काढणारा प्रोग्राम नव्याने सुरू होतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात (तुमचा मोटरमन वेगळा). उघडलेलं काम जागच्या जागी राहतं, काही जात नाही. तेवढ्याने चित्र आलं नाही, तर मॉनिटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढा, मिनिटभराने परत लावा. मॉनिटरचंच बटण बंद-चालू करून भागत नाही, वायरच काढायची, म्हणजे त्याच्यात उरलीसुरली वीज निघून जाते आणि तो नव्याने ओळख सांगायला तयार होतो. शनिवारी चित्र आलं ते यानेच. आई, हे काम तुझ्याकडे. बाबांना वाकवू नकोस, त्यांची कंबर मला माहीत आहे.

टीव्हीची केबल मागे लावलेली राहिली असेल तर आणखी एक गंमत होते. लग्नाचे फोटो टीव्हीवर बघताना कुणी 'फक्त दुसरी स्क्रीन' निवडून ठेवलेलं असतं आणि कॉम्प्युटर इमानदारीत सगळं चित्र बंद टीव्हीवर पाठवत बसतो. टीव्ही लावून बघा, नाहीतर ती केबल काढा.

आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनवर मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर मॉनिटरच्या मागचा प्रकाश गेलाय, तेव्हा मात्र दुरुस्तीवाला लागेलच.

कॅप्स लॉक हलत नसेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. आणि कॅप्स लॉक हलत असूनही चित्र काही केल्या येत नसेल, तरी बंद करण्याआधी आंधळेपणाने एक गोष्ट करा: स्पेसबार, थोडं थांबून तुमचा पिन, एंटर, पाचेक सेकंद थांबून कंट्रोल आणि एस. दिसलं नाही तरी वर्डचं पान समोर असेल तर ते सेव्ह होतं. अंधारात देवघरातली काडेपेटी सापडते ना आईला, तसंच.

रविवारी स्क्रीन परत काळी झाली, तो वेगळा आजार होता. तेव्हा कॅप्स लॉकचा दिवाही हलत नव्हता. त्याचं मूळ मला तुमच्या शिस्तीत सापडलं. रोज रात्री न चुकता तुम्ही 'शट डाउन' करता. पण विंडोज ८ पासून एक फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पुसला जात नाही, डिस्कवर तसाच्या तसा ठेवला जातो आणि सकाळी परत उचलला जातो, म्हणजे सुरू व्हायला वेळ लागत नाही. त्यात एखादा ड्रायव्हर तिरका झाला असेल तर तो दिवसेंदिवस तिरकाच राहतो. खरी आंघोळ होते ती 'रीस्टार्ट'ने. मी ती सोय बंद केली आणि चित्राचा ड्रायव्हर नवा घातला. मॉनिटरला सांगून ठेवलं की इकडेतिकडे शोधू नकोस, एचडीएमआयकडेच बघ. सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागेल, तेव्हा "तू बिघडवून गेलीस" असा फोन करू नका. त्यानंतर निघेपर्यंतच्या तीन दिवसांत मी त्याला मुद्दाम वीसेक वेळा झोपवलं आणि उठवलं, एकदाही अडला नाही.

दादा म्हणाला, झोपच बंद करून टाक. मी केली नाही. बाबा लिहिता लिहिता उठून शिवाजी पार्कला जातात ते तीन तासांनी उगवतात, तोवर यंत्र कशाला तापत ठेवायचं? तापण्यावरून आठवलं. आई, तुझा क्रोशाचा रुमाल मी सीपीयूवरून काढून टीव्हीच्या टेबलावर घातलाय. रुमाल सुंदर आहे, पण तो त्याच्या नाकावर होता. दसऱ्याला झेंडूचं फूल ठेव, हरकत नाही.

केबल आणायला आपण लॅमिंग्टन रोडला गेलो, ते मला फार आवडलं. पावसात ताडपत्र्यांखालून वाट काढत, बाबा प्रत्येक दुकानात "मजबूत आहे ना?" विचारत. जाताना मात्र मध्य रेल्वेचा माणूस पश्चिम रेल्वेच्या डब्यात अंग चोरून बसलेला, आणि प्रभादेवी आलं तरी तोंडात एल्फिन्स्टनच. दुकानातल्या त्या पोराने मेमरीच्या पट्टीवर खोडरबर फिरवायची युक्ती सांगितली ती खोटी नाही. समुद्राच्या हवेने तिचे सोनेरी दात काळवंडतात आणि मग कॉम्प्युटर उठत नाही. पण ते तुम्ही घरी करू नका. मी आले की करू.

आपल्या मशीनवरच्या विंडोज १० चा प्रश्न वेगळा आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण म्हणून स्क्रीन काळी होत नाही. त्या दुरुस्तीवाल्याने दोन्हीची गाठ मारून नवीन मशीन गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पुढचं ठरेपर्यंत बँकेचं काम त्यावर करू नका, ते मोबाइलवर करा. दिवाळीत बसून ठरवू.

आता खरं बोलायचंय ते बोलते.

बाबा, तुम्ही पहिल्या दिवशी बटण दाबून धरलंत आणि २६ जुलै २००५ च्या आठवणींची पानं गेली, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत. आईने सांगितलं. तेही तुम्ही अंघोळीला गेल्यावर. "पुन्हा लिहीन" म्हणालात म्हणे, आणि मग महिनाभर त्या टेबलाकडे फिरकला नाहीत. पेपरात सांताक्रूझच्या पावसाचे ९४४ मिलिमीटर सगळ्यांनी वाचले. कुर्ल्याच्या फलाटावर पाणी चढताना ड्यूटीवर असलेल्या माणसाला काय दिसलं, ते आमच्या घरातसुद्धा धड कुणाला माहीत नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, बूट हातात होते, आणि आधी झोपलात. मला एवढंच आठवतंय.

तर सोमवारी रात्री तुम्ही झोपल्यावर मी शोधाशोध केली. वर्ड दर दहा मिनिटांनी गुपचूप एक प्रत काढून ठेवतो. मशीन परत सुरू झाल्यावर डाव्या बाजूला तिची पट्टी आली असणार आणि तुम्ही ती फुली मारून बंद केली असणार. नशिबाने प्रत पुसली गेली नव्हती. सगळं नाही, पण पावणेदोन पानं हाती लागली. 'कुर्ला' नावाने डेस्कटॉपवर ठेवली आहेत, एक प्रत माझ्याकडे आहे. आता ती गुपचूप प्रत दर दोन मिनिटांनी निघेल असं करून ठेवलंय.

मी ती तिथेच बसून वाचली. इंडिकेटर बंद झाल्यावर तुम्ही घोषणा करत राहिलात, पाणी बॅटरीच्या खोलीत शिरलं, डब्यातल्या बायकांना हात धरून फलाटावर घेतलं, तिथपर्यंत आहे. शेवटचं वाक्य अर्धंच आहे: "रात्री दीडच्या सुमारास पुलावरून एक म्हातारा कंदील घेऊन खाली आला आणि मला म्हणाला, मास्तर,"

पुढे काय म्हणाला?

तुमची,
मनू