बाबा, मशीनवर टाकू नको म्हणालात त्यावर

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई लगेच जेवलास का वर येते, म्हणून लिहूनच पाठवतोय. ताईला सांगितलंय मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काय गाळायचं नाही.

खालच्या गल्लीतले काका गेले तेव्हा दिवसाला बसलेलो असताना बाबा तुम्ही मला म्हणालात, "माझ्यावर वेळ आली तर मला तसल्या मशीनवर टाकू नकोस, मेलेल्या माणसाला ठेवत्यात आणि बिल वाढवत्यात." चारचौघांत मी गप्प बसलो. पण माझं रोजचं कामच ते मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर, आहे आणि माझ्या बापाला ते नेमकं काय करतं हे ठाऊक नाही, हे डोक्यातून जाईना. गावात तुम्ही सांगता पोरगा कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात टेक्निशियन आहे, ते पण चालतंय, रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हटलं तर इथं शाहूपुरीतल्या घरमालकाला पण कळत नाही, तो मला अजून फिजिओथेरपीवाला समजतो आणि गुडघा दाखवतो.

तर आधी मेलेल्या माणसाचं. व्हेंटिलेटर फक्त फुप्फुसात हवा ढकलतो, बास. हृदय तो चालवत नाही. ज्याचं हृदय थांबलं त्याच्या छातीत हवा भरत बसलं तर तासाभरात कुणालाही कळतं की हा माणूस गेलाय, ते लपवता येत नाही. मेंदू मेला आणि हृदय चालू आहे असं होतं, ते वेगळं, त्याच्या तपासण्या ठरलेल्या असतात. आता बिलाचं म्हणाल तर आयसीयू महाग आहे, लोक शेत गहाण टाकतात, आणि आता काही उपयोग नाही हे स्पष्ट दिसत असताना चालू ठेवलेलं पण मी बघितलंय, ते मी नाकारत नाही. पण बऱ्याचदा तिथं डॉक्टर सांगून दमलेले असतात आणि चार भावांत बंद करा म्हणायला कोण पुढं येत नाही, कारण उद्या गावात तोंड दाखवायचं असतं.

आता दुसरी बाजू. पावसाळ्यात भुदरगडकडचा एक गडी आला, तिशीतला. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या उघडेनात, बोलणं जड. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी असेल, आधी देवऋषी झाला मग दवाखाना. मण्यार होती. मण्यारीचं असंच असतं, दात बारीक, खूण दिसत नाही, दुखत पण नाही म्हणून झोपेतल्या माणसाला कळतच नाही. गारगोटीपासून 108 मधून अँब्यु बॅग, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, हातानं दाबत दाबत आणला त्याला, आणि आला तेव्हा बोट हलत नव्हतं, डोळ्याच्या बाहुल्या पण हलत नव्हत्या, नवीन माणूस बघून म्हणेल संपलाय. सापाच्या विषावरची लस दिलीच, पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की लस ते उलटवू शकत नाही, ती टोकं आपापली भरून यायला दिवस लागतात. तोपर्यंत श्वास कोण घेणार? तेवढंच काम मशीनचं. आणि आत तो माणूस जागा असतो बाबा, सगळं ऐकत असतो. म्हणून मी प्रत्येक वेळी नाव घेऊन सांगायचो, आता नळीतला कफ ओढतोय, ठसका लागेल, घाबरू नको. त्याचे चुलते मात्र पडद्याबाहेर बांधाच्या वाटणीचं बोलत होते. बरा झाल्यावर त्यानं ते शब्दन्‌शब्द बोलून दाखवलं, चुलत्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चालत घरी गेला तो.

1952 ला डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, पोलिओची साथ आली तेव्हा श्वास देणारी मशीनं पुरेशी नव्हती, तर सुमारे 1500 मेडिकलच्या पोरांनी पाळ्या लावून हातानं पिशव्या दाबून लोकांना जगवलं होतं, आयसीयू नावाचा प्रकार तिथूनच सुरू झाला. सांगायचा मुद्दा हा की मशीन रोग बरा करत नाही, वेळ काढून देतं. पुढं बरं होण्यासारखं काही असेल तर तो वेळ सोन्याचा, नसेल तर नुसते हाल. त्यामुळं "मशीनवर टाकू नको" एवढंच म्हणून माझं भागत नाही, कशासाठी टाकायचं हे महत्त्वाचं.

आणि टाकल्यावर माझं निम्मं काम काढण्याचंच असतं. पेशंट आला की मी आधी टेप घेऊन त्याची उंची मोजतो, कारण फुप्फुसाचं माप उंचीवर ठरतं, वजनावर नाही, सुटलेल्या पोटाच्या माणसाचं फुप्फुस काही मोठं नसतं. फुप्फुस सुजलेलं असेल तर उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागं 6 मिली एवढाच श्वास द्यायचा. आधी जास्त द्यायचे, मग 2000 साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, 12 मिलीवाल्यांत जवळपास 40 टक्के गेले आणि 6 वाल्यांत 31, तेव्हापासून सगळं बदललं. मी असा टेप लावत असताना एका म्हातारीनं विचारलं होतं, "कापडं शिवायची हाईत काय रं?"

मग रोज सकाळी डॉक्टरांना विचारून झोपेचं औषध कमी करायचं, मशीनचा जोर उतरवायचा आणि अर्धा तास बघत बसायचं, माणूस स्वतःच्या दमावर किती राहतो. आकडे असतात त्याला, पण मी स्क्रीनपेक्षा कपाळ बघतो. घाम आला, मान ताणली जायला लागली, छाती वर आणि पोट आत असं उलटं चाललं, की आज नाही, उद्या. जमलं तर नळी काढायची, खोकायला लावायचं, नाव विचारायचं. हा माझा आवडता भाग. आवाज घोगरा येतो आणि पहिलं वाक्य काय असेल सांगता येत नाही, कागलच्या एका आजोबांनी तंबाखूची पुडी मागितली, दमा वाढून आलेले! सून म्हणाली परत घाला ती नळी.

आता तुमचं. बाबा, तुम्ही विडीला कधी हात लावला नाही हे तुम्ही प्रत्येक डॉक्टरला अभिमानानं सांगता, बरोबर आहे, पण इतकी वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारली त्या धुराचं काय? आणि आई, तुझं पण तेच, गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. आमच्याकडं सीओपीडीचे, म्हणजे तुमच्यासारखा फुप्फुसाच्या नळ्या आकसून दम लागायचा जुना आजार असलेले, निम्मे पेशंट असे येतात की ज्यांनी आयुष्यात सिगरेट बघितली नाही.

तो पंप तुम्ही दम लागल्यावरच घेता आणि गोळ्या मागता, कारण पंपाची सवय लागते असं कुणीतरी सांगितलंय. त्या औषधाची एक गोळी 4 मिलीग्रॅमची, आणि पंपाचे दोन पफ मिळून होतात 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे वीसपट कमी, आणि तेही थेट जिथं पाहिजे तिथं. गोळी सगळ्या अंगात फिरते म्हणून तुमचे हात थरथरतात, बीपीमुळं नाही. दुसरा जो पंप आहे तो बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचाय. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या त्या नळकांड्यातून, सावकाश ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग गुळणी. गुळणी गिळायची नाही, मागच्या वेळी गिळताना बघितलंय मी.

आई, ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन दिवसातून दहा वेळा लावू नको. 91 आलं म्हणून रात्री दोनला फोन केलास, बाबांसारख्या माणसाला 88 ते 92 मध्ये असलेलं चालतं. उलट अशा माणसाला भरमसाट ऑक्सिजन दिला की आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो झोपाळल्यासारखा होतो. आकड्यापेक्षा बोलणं बघ. एका दमात वाक्य होत नसेल, ओठ निळसर असतील, दिवसा नको एवढी गुंगी असेल तर थांबायचं नाही, 108.

आणि बाबा, तशी वेळ आलीच तर पहिली पायरी नळी नसतेच, मास्क असतो, बायपॅप म्हणतात. तोंडाला घट्ट बांधतात, पहिला अर्धा तास नको नको होतं, पण तुमच्या आजारात बऱ्याच जणांची नळी त्यानं टळते. त्याला तरी नाही म्हणू नका. न्यूमोनिया झाला आणि बरा होण्यासारखा असेल तर नळीला पण मी हो म्हणणार, आत्ताच सांगून ठेवतो, भांडायचं असेल तर आत्ता भांडा. पण फुप्फुसं पार संपली, अंथरुणातून उठणं नाही, तेव्हा तुम्ही नको म्हणालात तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन, मग आत्या काय वाट्टेल ते बोलू दे. याचा कागद पण करता येतो, सुप्रीम कोर्टानं 2018 ला परवानगी दिली आणि 2023 ला सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी. करायचा का नाही ते तुम्ही ठरवा, मी घाई करत नाही. पण काय चालेल आणि काय नको हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, दिवसाच्या बैठकीत नको, घरात, आईसमोर.

गुरुवारी माझी सुट्टी आहे, गाडी घेऊन येतो, एसटीनं यायचं नाही. फुंकायची टेस्ट करून घेऊ. त्या दिवशी सकाळी दम लागल्यावर घ्यायचा पंप मारू नका म्हणजे रिपोर्ट नीट येईल, पण दम लागलाच तर खुशाल घ्या, टेस्ट परत करता येते. दोन्ही पंप पिशवीत टाका. आणि स्पेसर शोधून ठेवा, मागच्या वेळी ताईची पोरगी त्याचा भोंगा करून फिरत होती.

तुमचा,
धाकटा